भुतानं तरी शब्द पाळावा

भुताच्या गोष्टीत तर्क शोधू नये, असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. मालिकेतलं भूत सोमवारी बंद दारातून आरपार निघून जातं आणि गुरुवारी त्याच दारावर धडका मारत उभं राहतं. घरातलं एखादं चुणचुणीत पोर विचारतं, ‘पण परवा तर ते दारातून गेलं होतं ना?’ त्यावर शेंगा सोलत बसलेली आत्या हसून म्हणते, ‘अरे, भूतच खोटं, तर त्याच्या दाराचं काय घेऊन बसलास?’ सगळे हसतात, पोर गप्प बसतं आणि जाहिराती लागतात.

माझ्या मते त्या घरात त्या वेळी शहाण्यासारखं बोललं ते फक्त ते पोर. भूत खोटं आहे, हे मलाही मान्य. पण भूत खोटं असलं तरी गोष्ट खरी वाटावी लागते आणि ती खरी वाटते तिच्या नियमामुळं. जिवंत माणसानं नियम मोडला तर आपण त्याला स्वभाव म्हणतो, नाइलाज म्हणतो, व्यवहार म्हणतो. भुताकडं नियमाशिवाय दुसरं काय असतं? त्याला ना हाड ना मांस. नियम हाच त्याचा देह. तो काढून घेतला की उरतो नुसता धूर, पांढरी साडी आणि कानठळ्या बसवणारं पार्श्वसंगीत.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं सर्वांत जुनं भूत म्हणजे वेताळ. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त त्याच्या पंचवीस गोष्टी आहेत आणि १९८५ साली दूरदर्शनवर अरुण गोविल यांच्या खांद्यावर बसून तो घराघरांत आला. त्याचा नियम एवढासाच. राजानं वाटेत तोंड उघडलं की वेताळ पुन्हा झाडावर. आणि उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकलं. बोलावं तर खेप वाया, न बोलावं तर जीव जातो. या दोन ओळींच्या नियमावर पंचवीस गोष्टी शतकानुशतकं उभ्या आहेत. समजा, दहाव्या गोष्टीत वेताळ म्हणाला असता, ‘आज बोललास तरी चालेल, आज माझा मूड बरा आहे,’ तर अकरावी गोष्ट कुणी ऐकली असती?

आमच्या पालम भागातल्या, गोदावरीकाठच्या गावांतल्या भुतांनाही असेच कडक नियम होते. सुगीत खळ्यावर राखणीला झोपायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडून मी ते लहानपणी ऐकले. मुंज झाली पण लग्नाआधीच जो मुलगा गेला, तो मुंजा. त्याचं घर पिंपळ. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, तिची पावलं उलटी. चकवा माणसाला मारत नाही, एकाच शेताभोवती रात्रभर फिरवतो. त्यावर उपाय एकच, आहे तिथं बसून राहायचं, तांबडं फुटेपर्यंत. गावागावांत तपशील वेगळे असत. एका गावचा मुंजा पोरांच्या खोड्या काढी, दुसऱ्या गावचा राखण करी. पण एका रात्री, एका खळ्यावर, एका म्हाताऱ्याच्या तोंडी भुताचा नियम कधी बदलला नाही. बदलला असता तर समोर गोधडीत गुरगुटून बसलेल्या आम्ही पोरांनी लगेच टोकलं असतं.

आणि हे नियम नीट पाहिले तर त्यांत गावाचा एक न फिटलेला हिशेब असे. बाळंतीण दगावली कारण वेळेवर सुईण आली नाही, बैलगाडी निघाली नाही, घरातल्यांनी दुखणं अंगावर काढायला लावलं. जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नाही, म्हणून मेल्यावर तिची भीती घालून का होईना, गावानं तिची आठवण ठेवली. भूत म्हणजे कुणाचं तरी राहिलेलं देणं. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या, म्हणून मला हे असं दिसत असेल. पण ज्या खात्यावर कुणाचं किती येणं आहे हेच रोज बदलत राहतं, ते खातं खोटं असतं, हे सांगायला बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही.

म्हणजे नियम कधी बदलूच नयेत का? तसं नाही. ब्रॅम स्टोकरनं १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ लिहिला. त्याचा रक्तपिपासू सरदार आरशात दिसत नाही, घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा उंबरा ओलांडू शकत नाही, आणि आपल्या मायभूमीची माती भरलेल्या पेट्यांत विसावतो. पण तो दिवसाउजेडी हिंडू शकतो, फक्त तेव्हा त्याची शक्ती चालत नाही. ऊन लागलं की असला पिशाच्च मरतो, हा आज जगभर पाठ असलेला नियम १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटानं रुजवला. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. नवी गोष्ट, नवा नियम आणि तो सुरुवातीपासून लागू. बँकेतही परिपत्रकं येत, व्याजाचे दर बदलत. पण परिपत्रकावर तारीख असे. गेल्या वर्षी ठेवलेल्या ठेवीवर आज मागच्या तारखेनं दर कमी केला, असं कधी होत नसे. झालं असतं तर ठेवीदारांनी काउंटर डोक्यावर घेतलं असतं.

परदेशी मालिकांना हे मागच्या तारखेचं परिपत्रक फार प्रिय. आता आमच्या तालुक्याच्या गावातली कॉलेजची पोरंही मोबाइलवर त्या बघतात, म्हणून बोलतो. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही मालिका २००९ ते २०१७ अशी आठ पर्वं चालली. तिची नायिका सहाव्या पर्वानंतर निघून गेली, तरी मालिका आणखी दोन पर्वं ओढली. ‘सुपरनॅचरल’ तर २००५ ते २०२० अशी पंधरा पर्वं. ज्यानं ती निर्माण केली, त्या एरिक क्रिपकेच्या डोक्यात पाच पर्वांची कथा होती आणि पाचव्यानंतर त्यानं सूत्रं सोडलीही. पुढची दहा पर्वं इतरांनी चालवली. दोन्हींकडं मेलेला माणूस परत येतो, पुन्हा मरतो, पुन्हा येतो. पहिल्या मरणाला घरातलं माणूस गेल्यासारखा गळा दाटतो. चौथ्या मरणाला आपण चहा ठेवायला उठतो. ज्याच्या मरणाला किंमत नाही, त्याच्या जगण्याची काळजी कुणी करायची?

आता आपल्या घरातली गोष्ट. ‘रात्रीस खेळ चाले’. झी मराठीवर २०१६च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा तो वाडा, मालवणी बोली, अण्णा नाईकांच्या मरणानं गोळा झालेलं कुटुंब आणि त्यांच्यात विसरभोळा पांडू. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही. आमच्याकडं मालवणी कुणाला धड कळत नव्हती, तरी गल्लीतली दारं त्या वेळेला लागत. भारनियमनात भाग बुडाला तर सकाळी नळावर त्याची उजळणी होई. पहिल्या पर्वाची ताकद एका दुहेरी शंकेत होती. वाड्यात जे घडतं ते भुताचं की माणसाचं? घरात विज्ञानाच्या बाजूनं बोलणारी सून होती आणि देवाला कौल लावणारी माणसंही होती. आपण रोज एकेकाच्या बाजूला झुकत होतो. शेवट अखेर पोलिसी तपासाच्या वाटेनं माणसापाशी येऊन थांबला. तो कुणाला आवडला, कुणाला नाही. पण खेळाचा नियम ठरला होता: इथं भीती भुताची वाटते, पण हात माणसाचा असतो.

२०१९च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं, ते मागं जाऊन. अण्णा जिवंत असतानाचा काळ. माझ्या मते तिन्हींतलं हे सर्वांत भक्कम पर्व. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता लोकांच्या इतक्या मनात बसली, त्याचं कारण भूत नव्हतंच. जमिनीची हाव, बाईची हाव, घरात मुकाट सोसणारी माई, गावावरची दहशत. असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या पंचक्रोशीत एखादा असतो. शेवंतावर आपण रागावत होतो आणि तिची कीवही करत होतो. तिचं देणं काय, तिचं घेणं काय, हे आपल्याला रुपया-आण्यात ठाऊक होतं. ती मेल्यावर भूत का होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग २०२१च्या मार्चमध्ये तिसरं पर्व. अण्णा आणि शेवंता आता उघडउघड भुतं होऊन वाड्यात वावरू लागली. पहिल्या पर्वात जिथं माणसाच्या हाताकडं बोट दाखवलं होतं, तिथं आता भुताचाच हात. मग पहिलं पर्व खोटं की तिसरं? या भुतांना काय जमतं आणि काय जमत नाही, याचा अंदाज बांधावा तर पुढच्या आठवड्यात तो मोडे. ज्या शेवंताचा हिशेब आपल्याला पाठ होता, ती दचकवण्यापुरती दारामागून डोकावू लागली. मध्येच टाळेबंदीचा खंड पडला, पुढं शेवंताची अभिनेत्रीही बदलली, आणि २०२२च्या जानेवारीत मालिका संपली.

चेहरा बदलणं हे काही मोठं पाप नाही. २००७ साली सुरू झालेली ‘असंभव’ पुनर्जन्माची होती. तिची नायिका मध्येच बदलली, मानसी साळवींच्या जागी ऊर्मिला कानेटकर आल्या, तरी मालिका लोकप्रियच राहिली. गेल्या जन्मीचं येणं या जन्मी वसूल होणार, हा तिचा मूळ करार शाबूत होता. नवा चेहरा प्रेक्षक दोन दिवसांत पचवतो. नियम बदलला तर मात्र तो मनातल्या मनात मालिकेतून उठून जातो. शरीरानं टीव्हीसमोर बसलेला असला तरी.

लेखकांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. मीही कादंबऱ्या लिहितो. एक प्रकरण पुन्हा लिहायला मला सहा महिने मिळतात. रोजच्या मालिकेच्या लेखकाला आजची पानं आज द्यावी लागतात. आठवड्याला आकडे येतात आणि आकडा पडला की वरून निरोप येतो. कलाकाराच्या तारखा नसतात, मुलाखतीत ठरलेला शेवट लांबणीवर पडतो. १९९३च्या ‘झी हॉरर शो’मध्ये रामसे बंधूंच्या गोष्टी काही भागांत संपत. त्या भुताला तेवढ्यापुरताच शब्द पाळायचा असे. दोन-दोन वर्षं तोच शब्द पाळायचा तर गोष्ट सुरू होण्याआधीच कुठंतरी तो लिहून ठेवलेला हवा. हे भूत काय करू शकतं, काय करू शकत नाही, त्याला काय हवं आणि ते मिळाल्यावर ते जाणार की नाही. एक पान पुरेल. ते पान नसतं म्हणून पर्वं उंचसखल होतात.

ते पान असलं की काय होतं, हे ‘तुंबाड’नं दाखवलं. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ सालचा, नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला. त्यातला हस्तर सोन्याचा मालक, पण अन्नाला पारखा. कणकेच्या बाहुलीसाठी तो धावून येतो आणि कणकेच्या रिंगणाला घाबरतो. तो खाण्यात गुंतला असताना त्याच्या कमरेची नाणी ओढायची आणि दोर धरून वर यायचं. सगळे नियम पहिल्यांदाच सांगून टाकलेत. शेवटी बापाची हाव वाढते, एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या तो खाली नेतो, आणि जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर उभे राहतात. नियम एका अक्षरानं मोडलेला नाही, आणि त्या नियमातच माणूस चिरडला जातो. त्या दृश्यात भीती वाटते ती भुताची नाही, बापाच्या हावेची. खळ्यावरच्या म्हाताऱ्यांना हा सिनेमा आवडला असता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, करमणुकीची बाब आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मी परभणी जिल्ह्यातला आहे, म्हणून घेतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या मानवतमध्ये नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात एकामागून एक लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. बाहेर दुष्काळ आणि गावात हे. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दिवेलागणीनंतर मुलींना आडावरही पाठवत नसत. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या नामांकित पोलिस अधिकाऱ्यानं तपास केला. खटल्यात सरकारपक्षानं मांडलेली हकिगत गुप्तधनाची, अपत्याच्या आशेची, मांत्रिकाची आणि पिंपळाखालच्या बळींची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. काहींची फाशी कायम झाली, काही निर्दोष सुटले. २०२४ साली त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही आली. मला त्या हकिगतीत आजही हादरवते ती एक गोष्ट. एका बळीनं भागत नव्हतं. मग दुसरा, मग तिसरा. धन निघत नव्हतं, आणि तरी नियम सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही, की पहिल्यांदा तर तू एवढ्यावरच भागेल म्हणाला होतास.

भोंदूचा सगळा धंदा या न विचारलेल्या प्रश्नावर चालतो. त्याचा नियम फसला की त्याच्याकडं नवा नियम तयार असतो. बँकेत असताना एक शेतकरी घरातल्या दुखण्यापायी मुदतठेव मोडायला यायचा. पहिल्यांदा लिंबू-नारळावर काम होणार होतं. मग म्हणे अमावास्या चुकली. मग म्हणे विधी चालू असताना कुणीतरी उंबरा ओलांडला. प्रत्येक खेपेला रक्कम वाढायची. तिसऱ्या खेपेला सोबत त्याची शाळकरी मुलगी होती. पावती माझ्या टेबलावर ठेवताना ती बापाला म्हणाली, ‘बाबा, पण त्यांनी मागच्या टायमाला हे शेवटचंच म्हणलं होतं की!’ बाप कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग त्यानं पावती उचलली, घडी घालून खिशात ठेवली आणि दोघं निघून गेले. ती ठेव पुढं मुदत भरेपर्यंत तशीच राहिली.

नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, गुप्तधनापायी अघोरी कृत्यं करणं आता गुन्हा आहे. कायदा हवाच होता. पण कायदा पोचतो तो घडून गेल्यावर. घडण्याआधी उपयोगी पडते ती त्या मुलीची सवय: काल काय सांगितलं होतं, ते लक्षात ठेवायचं आणि आज त्याच्याशी ताडून बघायचं.

म्हणूनच भुताच्या मालिका बंद करा, या मागणीत मला रस नाही. भुताच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो आणि त्यातले बहुतेक जण शहाणेही निघालो. वेताळाच्या गोष्टींचा शेवट आठवून पाहा. प्रेत आणायला सांगणारा भिक्षू राजाचाच बळी देणार असतो, आणि राजाला ते कोण सांगतं? शब्दाला जागणारा वेताळ. राजाला अखेरपर्यंत घाबरवलं भुतानं आणि वाचवलंही भुतानंच. दगा दिला तो भगव्या वस्त्रातल्या माणसानं. नियमानं वागणारं भूत ऐकणाऱ्याला नियम मोडणारा माणूस ओळखायला शिकवतं. रोज नियम बदलणारं भूत मात्र एवढंच शिकवतं की, कुणी काहीही सांगेल, आपण मान डोलवायची.

तेव्हा मालिका काढणाऱ्यांना विनंती एवढीच. भूत कसंही करा, उलट्या पायाचं करा, सुळ्यांचं करा, पण त्यानं पहिल्या आठवड्यात दिलेला शब्द शेवटच्या आठवड्यात पाळू द्या. आकडा पडला म्हणून मेलेल्याला उठवू नका. दुसरं पर्व रंगलं म्हणून तिसरं काढायचंच, असा काही कायदा नाही.

आणि आपल्यासाठी त्याहून सोपं काम आहे. आज रात्री तुमच्या घरी मालिका चालू असताना कोपऱ्यातून एखादं पोर म्हणालं, ‘पण काल तर ते असं म्हणाले होते...’ तर त्याला गप्प करू नका. आवाज थोडा कमी करा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.